आक्काताईंचे जाहीर आभार

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका बोळात, तालमीच्या मागच्या अंगाला, आक्काताईंची खानावळ होती. दारावर पाटी होती ती एवढीच. पुढे आडनाव नाही, वर देवाचं नाव नाही. आत दोन खोल्या. पुढच्या खोलीत बाकं आणि माणसं, मागच्या खोलीत चूल आणि आक्काताई, आणि मधे जुन्या लुगड्याचा पडदा. पुढच्या भिंतीवर डोंगरावरच्या जोतिबा देवाची तसबीर होती, ती कृष्णात नावाच्या रोजच्या गिऱ्हाइकानं आणून लावलेली. मागच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते, ते आक्काताईंनी लावलेले. पडदा दोन भिंतींच्या मधे लोंबत असायचा, आणि त्या बाईचं सगळं आयुष्य त्या पडद्यावर टांगलेलं होतं.

त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या. नवरा गिरणीत होता, तो गेला. पेठ वडगावकडची ही बाई मग शहरात आली आणि जे येत होतं ते शिजवायला लागली. लोकांनी विचारलं, बाई कुठली? वडगावकडची. आडनाव? पोवार. कोल्हापुरात पोवार म्हटलं की माणूस पुढचं विचारत नाही, आपल्या मनानंच मराठा असं उत्तर लावून घेतो. तालमीतले पैलवान जेवून गेले, परत आले. कोर्टातले कारकून आले. आक्का, आक्का म्हणायला लागले. घरचं बारसं, घरची जावळं तिच्या हातच्या मटणाशिवाय होईनात. आणि बोलायची वेळ उतू जाणाऱ्या दुधासारखी कधी निघून गेली ते कळलं नाही.

संघप्रिया ही त्यांच्या मेलेल्या बहिणीची मुलगी. पडद्याच्या आतल्या बाजूला वाढलेली. त्याच चुलीच्या उजेडात तिनं अभ्यास केला आणि आता जयसिंगपूरच्या एका कॉलेजात ती मराठी शिकवत होती. पण मावशीचा एक नियम होता. पुढच्या खोलीत ‘आक्का’ म्हणायचं, गिऱ्हाइकं म्हणतात तसं. मावशी हा शब्द पडद्याच्या आत. आणि स्वतःचं नाव तर कुणाला सांगायचंच नाही. “तुज्या नावातच सगळं उगडं हाय, पोरी,” असं मावशी म्हणायची, आणि हे ती रागानं म्हणते की कौतुकानं, ते संघप्रियाला कधीच उमगलं नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात बायकांच्या ओव्यांवर चर्चासत्र भरलं आणि महाराष्ट्रभरची प्राध्यापक मंडळी गोळा झाली. सत्र चांगलं होतं. जेवण वाईट होतं. कंत्राटदाराचं पनीर रबरासारखं आणि आमटी गुळमट. पाव्हणे कोल्हापुरात येऊन पनीर खातात म्हणजे काय! पुण्याचे यज्ञेश्वर सर आणि नाशिकच्या प्रमोदिनीबाई पहिल्याच संध्याकाळी बाहेर पडले, चांगलं हॉटेल शोधायला. वाट दाखवायला संघप्रियाला बरोबर घेतलं.

स्टेशनाकडच्या हॉटेलात कार्डावरच्या प्रत्येक ओळीला कोल्हापुरी हा शब्द चिकटवलेला. रस्सा आला तो रंगानं लाल. चमचा घातला तर चमचा रंगला आणि जीभ कोरीच राहिली. दुसऱ्या संध्याकाळी रिक्षावाल्यानं एका झगमगाटात नेऊन सोडलं. तिथला पांढरा रस्सा दुधाचं भांडं विसळल्यासारखा. प्रमोदिनीबाईंनी वाटी बाजूला सारली आणि म्हणाल्या, संघप्रियाबाई, तुम्ही इथल्या, आणि तुमचे पाव्हणे उपाशी. ओवीत घालण्यासारखं आहे हे. सगळे हसले. संघप्रियाही हसली. पण तिला ते लागलं. या गावात खरं जेवण कुठं मिळतं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि तेच दार तेवढं तिला दाखवता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तिनं ते दाखवलं. वाटेत सांगितलं की मला नुसतं मॅडम म्हणा. तिथं नावानं हाक मारायची रीत नाही. त्यांना गंमत वाटली, कोल्हापूरची काही तऱ्हा असेल म्हणून.

कृष्णात तिथं आधीच बसला होता. तो चर्चासत्र भरलेल्या कॉलेजातला शिपाई, जीपही तोच हाकायचा आणि सभागृहातला माइकही तोच लावायचा. आवाज असा की त्याला स्वतःला माइक लागत नसे. “या की पावणं! त्या पनीरवाल्याच्या तावडीतनं सुटलासा म्हणायचं!” त्यानं सरकून जागा केली आणि शिकवलं, पांढरा आदी पिवा, मग तांबड्याला हात घाला, न्हाईतर घसा धरतंय. आत वळून त्यानं आक्काला ओरडून सांगितलं की ही पुण्याची माणसं हाईत, जरा बेतानं तिखट. आतून उत्तर आलं, “पुण्याची हाईत तर रडू देत की जरा.” खोली हसली.

आणि यज्ञेश्वर सर खरंच रडले. पहिल्या घासाला तिखटानं, आणि मग दुसऱ्याच कशानं. आत आक्काताई भाकरी थापत होत्या, आणि हात चालला की त्यांचा गळा चालायचा. परातीवर थाप पडत होती आणि तिच्या ठेक्यावर ओवी येत होती, पडद्यातून गाळून आल्यासारखी:

जेव पावण्या सावकाश, ताट तुझं भरलेलं
पुसू नको रं पाणी, कुण्या आडाचं शेंदलेलं

सरांचा घास हातातच राहिला. या माणसानं हयातभर ओव्या गोळा केल्या होत्या. भर व्याख्यानात आईची ओवी आठवून डोळे पुसणारा, विद्यार्थ्यांना घरी जेवू घालणारा माणूस. परत जाताना, खासबाग मैदानाच्या कडेनं चालताना, त्यांनी विचारलं की ही ओवी त्यांनी कुठंच ऐकलेली नाही, ही कुणाची? तिचीच, संघप्रिया म्हणाली. पण या बाईला असं का म्हणावंसं वाटलं असेल? सरांनी विचारलं. वाढणारीच म्हणतेय, विचारू नकोस. कशाचं भय आहे तिला?

ऊन डोक्यावर होतं. प्रमोदिनीबाई पुढे निघून गेल्या होत्या. कुणीतरी पहिल्यांदा बरोबर तोच प्रश्न विचारला होता, आणि तोही भिजल्या डोळ्यांनी. इतकी वर्षं पुढच्या खोलीत ती आक्का, आक्काच म्हणत आली होती.

“ती माझी मावशी आहे, सर.”

मग तिनं सगळं सांगितलं. पडद्यामागचं, पडद्यापुढचं, पोवार आडनावाचं. सरांनी रस्त्यातच थांबून तिचे दोन्ही हात धरले. हे कुणाला सांगू नका, असं तिच्या ओठावर आलं होतं. पण इतक्या चांगल्या माणसाला असं बजावणं तिला त्याचा अपमान वाटला. तिनं ते गिळलं.

आपल्याकडच्या सभा आभारांशिवाय उठत नाहीत. मांडववाल्यापासून पाण्याचा तांब्या भरणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं घ्यायची, टाळ्या वाजवायच्या, मग राष्ट्रगीत. त्या दुपारी पाव्हण्यांच्या वतीनं मनोगत सांगायला आणि आभार मानायला यज्ञेश्वर सर उभे राहिले. सुरुवात हसतखेळत केली. ओव्या शोधायला आलो आणि हॉटेलं शोधत फिरलो, असं म्हणून त्यांनी स्टेशनावरच्या लाल पाण्याची आणि झगमगाटातल्या पांढऱ्या पाण्याची अशी काही नक्कल केली की सभागृह लोळायचं राहिलं. मागच्या दाराशी माइकच्या पेटीजवळ कृष्णात उभा होता, तोही गदगदून हसत होता.

“आणि मग,” सर म्हणाले, “मंगळवार पेठेत आम्हाला आक्काताई भेटल्या.”

कृष्णातनं शिट्टी वाजवली. संघप्रियाचं हसू तोंडावरच थिजलं.

सरांनी ओवी म्हणून दाखवली, त्याच चालीवर. तिनं खालून मान हलवली. नको, नको. सरांनी ते पाहिलं, आणि त्यांना वाटलं, पोर संकोचते आहे. त्यांनी तिच्याकडे पाहून मायेनं हात वर केला आणि पुढे बोलत राहिले. ही माउली बौद्ध समाजातली आहे. वर्षानुवर्षं या पेठेला ती जेवू घालते आहे आणि स्वतःचं नाव मात्र पडद्यामागं ठेवते आहे. कशाला? ज्या गावचा राजा अस्पृश्याच्या हॉटेलात हौसेनं जाऊन चहा प्यायला, त्या शाहूंच्या नगरीत हा पडदा कशाला? “मी आज आक्काताई पोवारांचे जाहीर आभार मानतो. आपण सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवूया.”

सगळे उभे राहिले. टाळ्या थांबेनात. संघप्रिया तेवढी बसून राहिली, आणि माणसांच्या फटीतून तिला मागचं दार दिसलं. माइकची पेटी होती. कृष्णात नव्हता.

सर खाली आले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. तिनं एवढंच विचारलं की सर, का सांगितलंत. त्यांना प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, “अगं, लपवण्यासारखं आहे काय त्यात?” आणि ते खरंच होतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, कुणीतरी दिलेली गुळाची ढेप काखोटीला मारली आणि ते पुण्याच्या गाडीकडे निघाले. मावशीला माझा नमस्कार सांग, म्हणाले.

ती पेठेत पोचली तेव्हा दिवेलागण होत होती. एरवी या वेळी बोळाच्या तोंडाशीच गलका ऐकू यायचा. आज तालमीच्या कट्ट्यावर पोरं बसली होती, तीच रोजची. तिला पाहून त्यांनी बोलणं थांबवलं. एक जण म्हणाला, आज उपास हाय. तिनं काहीच विचारलेलं नव्हतं. कोल्हापूरचा माणूस शिवी द्यायची तर तोंडावर देतो, गल्लीला ऐकू जाईल अशी. त्या संध्याकाळी गल्ली कुजबुजत होती, आणि तिला वाटलं, यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कृष्णात दारात उभा होता. उंबऱ्याच्या बाहेर. आक्काताई आत, बाकाला टेकून. पातेली चुलीवरून उतरवलेली होती, भाकऱ्यांची चवड फडक्याखाली होती, संध्याकाळचं सगळं शिजून तयार होतं.

“मला काय न्हाय ओ, आक्का,” तो खाली बघत म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक होऊ शकतो हे कुणाला ठाऊक नव्हतं. “पर घरात आई हाय. ती म्हनती, पोराच्या जावळाला बी हिनंच शिजवलं हुतं.”

“व्हय. मीच शिजवलो. वाटी चाटून गेलासा की समदी.”

“आदी सांगायचं तरी.”

“तू कवा इचारलास?”

तो पायानं पायरीवरची माती इकडून तिकडे सारत राहिला. मग त्याची नजर आक्काताईंच्या डोक्यावरून भिंतीवर गेली आणि तिथंच थांबली. त्यानं तोंड उघडलं, मिटलं. आक्काताईंनी मान वळवून बघितलं, कशाकडे बघतोय ते. त्यांना कळलं. माणूस काय मागायला आलाय आणि का मागत नाही, हे वाढणाऱ्या बाईला लगेच कळतं.

त्या बाकावर चढल्या. जोतिबाची तसबीर खिळ्यावरून काढली. धुरानं तिची काच पिवळी पडली होती, ती त्यांनी पदरानं पुसली, कोपऱ्याकोपऱ्यातून, लेकराचं तोंड पुसावं तशी. आणि उंबऱ्याच्या आत उभं राहूनच बाहेर धरली. कृष्णातनं ती घेतली. हाताला हात लागू न देता घेतली. इतकी वर्षं त्याच हातातली भाकरी त्यानं ओढून खाल्ली होती. तो गेला.

संघप्रिया आत आली. भिंतीवर तसबिरीएवढा पांढरा चौकोन उरला होता. आक्काताई त्याच्याखालीच बसल्या.

“त्या पुण्याच्या पावण्याला कुनी सांगितलं?”

“मी.”

आक्काताईंनी मान हलवली, नुसती, जणू मीठ किती घातलं ते कुणी सांगितलं असावं. बाहेर तालमीच्या कट्ट्यावरून पोरं उठून चालल्याचा आवाज आला. पावलं दारावरून गेली, आणि दारापुढं आल्यावर जरा भरभर गेली. रश्शावर तेलाचा लाल थर हळूहळू थिजत होता. मग आक्काताई उठल्या. एक ताट घेतलं, पांढऱ्याची वाटी, तांबड्याची वाटी, भाकरी, कांदा, सगळं रीतसर मांडलं आणि पुढच्या खोलीत, गिऱ्हाइकाच्या बाकावर, भाचीपुढं ठेवलं.

“जेव.”

तिला घास तोडवेना. “आक्का...” ती म्हणाली.

आक्काताईंनी मधला पडदा एका हातानं ओढून खिळ्याला अडकवला. आतली चूल उघडी पडली, आतली भिंत उघडी पडली.

“आता मावशी म्हन की,” त्या म्हणाल्या. “आता कोन हाय ऐकायला?”