तीन म्हटलं की उठायचं

"काकू, हात कशाला सोडलात?"

ट्रेनर धावत आला तेव्हा मी ट्रेडमिलच्या मागे जमिनीवर फतकल मारून बसले होते आणि माझा उजवा हात अजून हवेत लिहीत होता.

"वेग एकदम वाढला," मी म्हणाले.

"मी मशीनला हातसुद्धा लावला नाही. तीनवरच आहे!"

"मशीनचा नाही हो. गाण्याचा."

आता याला काय सांगणार, कपाळ? एकतीस वर्षं मी कोर्टात लघुलेखक होते. साहेब बोलायचे, साक्षीदार बोलायचे, वकील तर एकाच वेळी दोघे बोलायचे, आणि मी ते सगळं शॉर्टहँडमध्ये उतरवायचे. त्या कामात डोक्याने ऐकायचं नसतं. शब्द कानावर पडला की बोट हललं पाहिजे. विचार करत बसलात तर पुढचं वाक्य गेलंच. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण बोटांना ते कुणी कळवलेलं नाही. बातम्या लागल्या की मांडीवर लिहितात, शेजारीण भांडायला लागली की भिंतीवर लिहितात. जित्याची खोड, दुसरं काय!

आणि जिममधली ती गाणी! आधी एक बाई चौदा वेळा 'ये ना, ये ना' म्हणणार, मग एक बुवा पाठीमागे कुत्रं लागल्यासारखा बडबडत सुटणार. कर्त्याचा पत्ता नाही, क्रियापदाचा नाही, पूर्णविराम तर नाहीच. त्या दिवशी बुवा सुरू झाला, मी दांडा घट्ट धरून शिकस्त केली, पण उजवा हात सुटलाच.

हौस म्हणून मी तिथे जात नव्हते. त्याच्या सहा महिने आधी यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. सकाळ-संध्याकाळ एक मदतनीस बाई येऊन यांना उठवायची, बसवायची. मधल्या वेळात ज्या जागी ठेवलं त्या जागी हे. लेक दुसऱ्या शहरात असते, तिने तिकडचं, अशा पेशंटना ठेवून घेणारं एक सेवाकेंद्र बघून ठेवलं होतं.

"आई, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर," ती म्हणाली, "लागोपाठ तीन वेळा तू एकटीने बाबांना हलवून दाखव. मग मी केंद्राचं नाव काढणार नाही. दोन महिने घे. पण तू पडलीस तर दोघांना कोण उचलणार, सांग?"

लेक वाईट नाही. तिचं म्हणणं खरं होतं, तेच तर दुखणं. हे चौसष्ट किलो, मी अठ्ठेचाळीस, आणि माझ्या पायांनी जन्मभर खुर्चीत बसण्यापलीकडे काही केलेलं नव्हतं.

म्हणून जिम. पडल्यावरही मी हट्ट सोडला नाही. कानात कापूस घातला. शब्द गेले, पण धडधड तळपायातून वर यायला लागली आणि ट्रेनर काय ओरडतोय तेही कळेना. आवाज कमी करा म्हटलं, तर बाकीचे कुरकुरले. "काकू, गाणं नसलं की आमचं अंगच हलत नाही हो!" आणि माझं अंग गाणं असलं की नको तिथे हलायचं. भरदुपारी कुणी नसताना गेले. तेव्हा ट्रेनरने बिचाऱ्याने बिनशब्दांचं, नुसत्या वाद्यांचं काहीतरी लावून दिलं. हात गप्प बसले, पण चार मिनिटांत मला असा कंटाळा आला की मी घड्याळाकडे बघत उभी राहिले. व्यायाम म्हणजे शिक्षा वाटली की माणूस पळवाटाच शोधतो. तीन आठवडे असे पाण्यात गेले. चौथ्या आठवड्यात मी गेलेच नाही.

घरी पलंगाशेजारी उभी राहून मी गुडघे वाकवून बघत होते. फिजिओथेरपीवाल्या बाईने तेवढंच सांगितलं होतं: कंबर सरळ, गुडघे वाकवा, उठा. दुसऱ्यांदा वाकले आणि पलंगावरून आवाज आला.

"दोन."

मी वळून बघितलं. हे छताकडे नाही, माझ्याकडे बघत होते. मी पुन्हा वाकले.

"तीन," हे म्हणाले. अगदी स्वच्छ.

सहा महिन्यांत या घरात यांचा एक शब्द नव्हता. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, असं होतं. बोलणं गेलं तरी पाठ असलेले आकडे कधीकधी राहतात. यांनी जन्मभर कापडाच्या दुकानात मीटरवर कापड मोजलं होतं. गिऱ्हाइकाला ऐकू जावं म्हणून मोठ्याने. तेच राहिलं होतं.

आणि गंमत म्हणजे माझी बोटं हलली नाहीत. कोर्टात आकड्यांसाठी जागा सोडून पुढे जायचं, नंतर फाइलमधून बघून भरायचे, अशी आमची पद्धत. आकडा आला की हात थांबायचा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी बोलत होतं आणि मी नुसती ऐकत होते.

मग काय, रोज सकाळी दहाला आमची जिम. हे मोजणार, मी उठाबशा काढणार. आणि लबाडी किती करायचे! सात, आठ, नऊ म्हणून झालं की मी हुश्श करायला बघायचे, तर हे म्हणायचे, "आठ."

"अहो, नऊ झाले!"

"आठ," हे म्हणायचे, आणि तोंडाची डावी बाजू हसायची. आजार की खोड, देव जाणे. मी दटावायचे आणि आणखी दोन काढायचे. खरं सांगते, लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण एवढी मजा आम्ही क्वचितच केली असेल. या घरच्या जिमच्या पाचव्या आठवड्यात मी यांच्या कंबरेचा पट्टा धरला, माझा गुडघा यांच्या गुडघ्याला टेकवला, हे "एक, दोन, तीन" म्हणाले आणि आम्ही दोघं उभे होतो. मी रडले. यांनी "चार" म्हटलं.

ठरलेल्या दिवशी लेक आली. बरोबर फिजिओवाली बाई. दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पहिली खेप झाली. दुसरी झाली. लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मला दिसलं. माझा घाम मानेवरून ओघळत होता, मांड्या थरथरत होत्या, ते यांना दिसलं असणार.

तिसरी खेप. खुर्चीत बसवून झालं होतं, आता फक्त परत पलंग.

"एक," हे म्हणाले. "दोन." तीनला सरळ व्हायचं म्हणून मी जोर घेऊन अर्धी उठले, यांना घेऊन.

"एक," हे म्हणाले.

पाय माझे, पण ऐकत होते यांचं. रोज सकाळी आकडा मागे गेला की ते पुन्हा खाली वाकत होते, तसेच वाकले. खुर्ची मागे सरकली, आणि आम्ही दोघं अलगद जमिनीवर. लागलं कुणालाच नाही. पण मला यांना तिथून हलवता येईना. लेकीने आणि त्या बाईने मिळून उचललं.

"आई, पुरे आता," लेक एवढंच म्हणाली. आवाज चढवला असता तर मी भांडले तरी असते.

यांनी ते चुकून म्हटलं की मुद्दाम, मी आजवर विचारलेलं नाही. विचारून उत्तर आकड्यातच येणार. कधी वाटतं, माझ्या मांड्यांची दया आली असेल. मग रागच येतो. अहो, माझी दया करायला तुम्हाला सांगितलं कुणी?

केंद्र चांगलं आहे. खोलीला खिडकी आहे, चादरी स्वच्छ असतात. लेकीने मला तिच्या घरी ठेवून घेतलंय, तिथून केंद्र चालत वीस मिनिटं. व्यायाम मी सोडलेला नाही. का, ते विचारू नका. आता मी तांदळाचं पोतंसुद्धा उचलून ठेवते, लेक ओरडते.

परवा दुपारी गेले, तेव्हा हे घसरून पलंगाच्या कडेला आले होते. मी पट्टा धरला, गुडघा टेकवला. अगदी सहज जमलं असतं. एवढ्यात परिचारिका दारातून म्हणाली, "काकू, नाही हं! पाहुण्यांनी पेशंटला उचलायचं नाही. नियम आहे."

"मला येतं हो," मी म्हणाले.

"येत असेल. पण नियम आहे."

दोन सेविका आल्या. मी बाजूला झाले. त्यांनी दोन्हीकडून यांना धरलं. त्यांच्या खांद्यांमधून हे माझ्याकडे बघत होते.

"एक," हे म्हणाले. "दोन. तीन."

"काकांना आकडे फार आवडतात," एक सेविका हसून म्हणाली आणि त्यांनी यांना उचललं. भिंतीशी माझे गुडघे वाकून सरळ झाले होते, हात पुढे होते. कुणी पाहिलं नाही. मग मी पलंगाखालच्या यांच्या चपला नीट लावून ठेवल्या.