आतून काढलेली कडी

"तुमाले हे खरं वाटनारच नाई, लावा पैज!" असं म्हणत कवडू बायकोच्या, कमलाबाईच्या, खाटेच्या कडेला बसला. ग्रामपंचायतीचा हा पाणी सोडणारा माणूस गप्पा ठोकण्यात अख्ख्या तालुक्याला भारी. टाकीवर चढलेल्या बिबट्याला त्यानं पाइपानं आंघोळ घातली होती, असं त्याचंच म्हणणं.

केळझरजवळच्या त्यांच्या गावची अकरा माणसं या वॉर्डात होती. नत्थूजींच्या नातीचं, अंकिताचं, लग्न झालं आणि हगवणीनं गाव आडवं केलं. शेजारच्या खाटेवर खुद्द नत्थूजीच होते. कमलाबाईला तर चौथ्या दिवशीही रक्त पडत होतं. आतड्याला भोक पडलं तर कठीण आहे, असं डॉक्टर सकाळी सांगून गेले. तेव्हापासून कवडूचं तोंड बंद नव्हतं.

"लॅबवाल्या मयुरीनं मले दुर्बिणीतून दाखवलं. रेडकाएवढा जंतू, बापा!"

"रेडकू दुर्बिणीत मावलं कसं?" नत्थूजी कण्हतच म्हणाले.

"ऐका तं! आतड्याच्या भिंतीपाशी आला. मले वाटलं, आता दातानं फोडते. कायचं! बारीकशी सुई टोचली, बस. अन् ते भिंतच आपून होऊन उठली ना! उतू जानाऱ्या दुधावानी वर आली, त्याच्या अंगावर पांघरून टाकलं अन् घेतलं त्याले पोटात. चोरासाठी घरच्यानंच कडी काढली!"

"काऊन फेकून राह्यला बे, कवडू?" कोपऱ्यातून कोणी हसलं.

नमुने न्यायला आलेली मयुरी दारातच थांबली. "रेडकू अन् दुर्बीण सोडली तं बाकी खरं हाये. मीच मोबाइलवर दाखवलं त्याहिले. सुईतून तो असं काही सोडते, का आतड्याची पेशीच त्याले आत ओढते. मंग तो आतच वाढते."

नत्थूजींचा हात नकळत पोटावर गेला. सगळ्यांत जास्त दचकला तो कवडू. जन्मात पहिल्यांदा त्याची गोष्ट खरी निघाली होती.

"मंग हा आला कोठून?" नत्थूजींनी विचारलं. "टाकीतून?"

"छ्या! टाकीत रोज पावडर टाकतो ना मी, जंतू मारायची. लग्नाच्या दिवशी तं डबल टाकली, या हातानं. तुमच्या मांडवातल्या बर्फातून आला असन."

नत्थूजींनी मान डोलावली. इतक्या साध्या बोलण्यात खोटं ते काय असणार?

कमलाबाईनं सलाइनचा हात सांभाळत कूस वळवली. ओठ सुकून पांढरे झाले होते. तिनं नवऱ्याकडे नीट पाहिलं.

"त्या दिशी चहा मीच गाळत होती," ती म्हणाली. "पाव्हन्यायनं दोन-दोन कप मांगून पेला. पावडरच्या पान्याचा चहा कोनी दुसऱ्यांदा मांगते का? अन् तहान लागली म्हून मी तेच पानी दोन गिलास पेली. गोड लागलं, अवो. पाव्हन्यायले वास येईन म्हून तुमी पावडर टाकलीच नोती."