पानाखालचं पान

नेरूळच्या सारसोळे गावातल्या एका हॉलबाहेर चपलांचा ढीग पार रस्त्यावर आला होता. आत विजयमाला माई पोटातल्या बाळांच्या हृदयाची भोकं बुजवत होत्या. टाके नाहीत, भूल नाही, सगळं थेट वरून!

"डॉक्टर भोक दाखवतो, माई बुजवते!" भक्त ओरडले.

सातव्या महिन्यातल्या उज्वलाला तिच्या सासूबाईंनी, गोजराबाईंनी, पुढं ढकललं. सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाच्या पडद्याला भोक दिसल्यापासून त्यांचं एकच पालुपद होतं, "गिराणात टमाटं कापलंस, त्येचंच हे फळ." उज्वला तेव्हापासून विळीला हात लावायलाही भीत होती.

माईंनी भोक पाडलेलं विड्याचं पान सगळ्यांना दाखवून तिच्या पोटावर ठेवलं. वर लाल कापड टाकलं, आत हात घालून मंत्र पुटपुटल्या. कापड निघालं, तर पान अखंड! एकच जयजयकार झाला.

"प्रसाद म्हणून गिळ, उलटून बघायचं नाही. आणि परत मशीनखाली जाऊ नकोस. किरणांनी भोक पुन्हा उघडतं!"

तोंडात घालायला उज्वलानं पान दुमडलं आणि ते सरकलं. मधानं चिकटवलेली दोन पानं होती. खालच्याला भोक जसंच्या तसं.

"माई, वरून नुसतं दुसरं पान चिकटवलंत होय? भोक तर हितंच आहे."

"ती पापाची सावली आहे!" माई गरजल्या. पण पुढच्या बायका माना उंचावून पानंच बघत होत्या. गोजराबाईंनी सुनेचा हात धरला. "ऊठ. डागदरनीकडं चल."

आधी सोनोग्राफी केलेल्या डॉ. हादियांनी पुन्हा तपासलं. भोक होतं तेवढंच होतं.

"मॅडम, ग्रहणात मी टोमॅटो कापला होता..." उज्वला म्हणाली.

"ग्रहणाच्या वेळी कितवा महिना होता?"

"पाचवा."

"बाळाचं हृदय दुसऱ्या महिन्यातच घडून होतं. तुमच्या टोमॅटोचा काय संबंध?"

उज्वला तिथंच रडली. गोजराबाईंची मान खाली गेली. "पन माईंकडं गेलेल्यांची बाळं बरी झाली म्हनत्यात?"

"लहान भोकं पुष्कळदा आपोआप बुजतात, आजी. त्याचं श्रेय माईंना. न बुजलेल्यांचा दोष आईच्या श्रद्धेला. हे भोक मोठं आहे. पोटात बाळाला त्रास नाही, तिथं फुप्फुसांना काम नसतं. जन्मल्यावर भोकातून फुप्फुसांकडं जास्त रक्त जाऊन धाप लागू शकते. तेव्हा ऑपरेशन करू. बहुतेक मुलं छान वाढतात."

मुलगी झाली. काही महिन्यांनी दूध पिताना तिला धाप लागली, घाम फुटला. काय करायचं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ऑपरेशन झालं, आणि आता ती नेरूळभर आजीला पळवते.

म्हणून सांगायचं एवढंच, बाळात दोष निघाला तर आईचं पाप शोधत बसू नका. डॉक्टरांना प्रश्न विचारा, आणि जो प्रश्नच विचारू देत नाही, त्याच्या दारातून परत फिरा.