शेऱ्याच्या रकान्यातला बाप

मी एक जुनी नोंदवही आहे. मित्रांनो, नाकं मुरडू नका! हा कुबट वास माझा नाही, शेजारच्या कपाटातल्या उंदरांचा आहे.

जाड कागद, पक्का दोरा, कापडी पाठ आणि कोपऱ्यांना चामडं, असा माझा थाट होता. मला बांधणाऱ्या म्हाताऱ्याने दोनदा टेबलावर आपटून पाहिलं आणि म्हणाला, "ही मला पुरून उरेल." उरले की! मग मी या कार्यालयात आले. माझा पुढचा अर्धा भाग जन्मांचा, मागचा मरणांचा. शहरातल्या दवाखान्यात जो जन्मला आणि जो गेला, त्याची माझ्यात नोंद झाली. तपासणीला आलेले साहेब म्हणायचे, "वा, काय अक्षर आहे!" अक्षर कारकुनाचं होतं, पण फुगायचे मी.

शेवटचं पान भरलं आणि माझा मान संपला. मी खालच्या फळीवर गेले. कुणी माझ्यावर चहाचा कप ठेवला, कुणी मला डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. तेही सोसलं. पण एक गोष्ट मला एकाहत्तर वर्षं आतून टोचत होती. मला ती माहीत होती आणि सांगता येत नव्हती.

मागच्या महिन्यात एक आजी आणि तिची नात कार्यालयात आल्या. नात घराण्याची वंशावळ लिहीत होती. तिच्या कागदावर सगळ्यांच्या जन्माच्या आणि मृत्यूच्या तारखा होत्या. फक्त आजीच्या वडिलांपुढे लिहिलं होतं, 'शेतकरी. निघून गेले.' आजी पाठोपाठची तिसरी मुलगी. ती झाली आणि थोड्याच दिवसांत बाप नाहीसा झाला. गाव म्हणालं, तिसरी पण मुलगीच, म्हणून वैतागून गेला. त्याने तुझं तोंडसुद्धा पाहिलं नाही, हे ऐकत ती मोठी झाली. घरात कुणी रागावलं की हेच निघायचं.

"कशाला उकरून काढतेस?" आजी नातीला म्हणाली. "ज्याला मी नको होते, त्याचा कसला शोध?"

कार्यालयातल्या कारकूनबाईंनी मला टेबलाखालून ओढून काढलं, धूळ झटकली आणि आजीच्या जन्माची नोंद काढली. नाव, तारीख, वेळ. बाई मला मिटायला लागल्या. माझा जीव वरखाली झाला. अहो, शेवटचे रकाने कोण वाचणार? दाखल्यावर ते उतरवत नाहीत, म्हणून कुणी बघतच नाही!

"थांबा," नात म्हणाली, "हे काय आहे?"

'खबर देणारा' या रकान्यात लिहिलं होतं: वडील, स्वतः. तारीख जन्मानंतर अकराव्या दिवसाची. त्याच्या पुढे शेरा होता: मुलीच्या जन्माची चिठ्ठी वडिलांनी नेली. ही तारीख एकोणिसाव्या दिवसाची, आणि शेजारी शाईचा अंगठा.

"म्हणजे तो दोनदा आला होता?" आजीने विचारलं. "एवढ्या लांबून? माझ्यासाठी?"

कारकूनबाई हुशार. त्यांनी मला उलटं धरलं आणि मरणांच्या बाजूला तीच एकोणिसाव्या दिवसाची तारीख शोधली. ती नोंद होती. रस्त्यावर ट्रकची धडक, शुद्धीवर न येता मृत्यू. पुरुष, वय अंदाजे तीस. धंदा शेती, असं हातांवरून लिहिलेलं. गाव माहीत नाही. बेवारस. शेरा: खिशात मुलीच्या जन्माची चिठ्ठी, भिजलेली, फक्त क्रमांक वाचता येतो. आणि तो क्रमांक.

मित्रांनो, तो क्रमांक माझ्याच पुढच्या पानांतला होता! गाव तिथेच लिहिलेलं होतं. त्या दिवशी कुणी माझी चाळीस पानं उलटली असती, तर संध्याकाळपर्यंत घरी निरोप गेला असता. कुणी उलटली नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ना, तसं झालं. मी काय करणार? मला हात नाहीत.

नात घाबरून आजीकडे बघत राहिली. माझी चिठ्ठी न्यायला आला म्हणून मेला, असं आजीच्या मनात आलं तर?

आजी रडली, पण वेगळीच रडली. पाठीवरचं ओझं उतरवून बसलेला माणूस जसा श्वास सोडतो, तसा तिने सोडला. "माझ्यामुळे पळाला नव्हता गं तो," ती म्हणाली. "घरीच येत होता. चिठ्ठी खिशात घालून घरीच येत होता माझा बाप!"

मग रीतसर अर्ज झाला. आठ दिवसांनी बाईंनी लाल शाईने 'बेवारस' आणि 'माहीत नाही' हे शब्द खोडले. त्याचं आणि गावाचं नाव लिहिलं आणि त्याखाली लिहिलं, 'वारस: तिसरी मुलगी.' साहेबांची सही झाली. माझ्या पोटातला दगड गेला. आता मी कपाटात सरळ उभी आहे आणि खरं सांगते, फार हलकं वाटतं.

तुमच्याकडे एवढंच मागते, मित्रांनो. आमच्यावर चहा ठेवू नका आणि आम्हाला टेबलाखाली घालू नका. आणि कुणी घरी परतला नाही, तर तो आपल्याला सोडून गेला असं म्हणण्याआधी आमची पानं शेवटच्या रकान्यापर्यंत वाचा. कदाचित तो घरीच यायला निघालेला असेल.