झऱ्याचं पाणी आणि माझी सही

टाकीपाशी सकाळपासून रेटारेटी चालली होती. ओट्यावर दोन कुंड्या, दोन्हींत नुसती खडी आणि एकेक रोप. घरच्या विहिरीचं पाणी घातलेलं पिवळं पडून मान टाकलेलं, डोंगराच्या झऱ्याचं घातलेलं मात्र काळपट हिरवं. हे पाणी पाइपाने टाकीत आणून गावाला वाटणारे झराबाबा हात उंचावून गरजले, "दगडात रोप जगवणारं पाणी तुमचं लेकरू जगवणार नाही?" टाळ्यांचा कडकडाट झाला. खडीला टाळ्या वाजवणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

पण मला हसायचं तोंड नव्हतं. मी पाणी तपासनीस. टाकीवर चौकटीत लावलेल्या 'पिण्यास योग्य' या दाखल्यावर माझीच सही होती. आमच्या खात्याची रीतच तशी. नमुना वर उगमापाशी घ्यायचा. उगम चांगला, म्हणजे खालची तोटीही चांगली, असं गृहीत धरायचं.

माझ्या धाकट्या बहिणीला दूध आलं नव्हतं. ती दोन महिन्यांच्या लेकीसाठी याच पाण्यात दुधाची पावडर कालवायची. "दादा, तुझी सही बघूनच आणते हो!" असं कौतुकाने सांगायची. गेल्या आठवड्यात एके दिवशी बाळाचे ओठ आणि नखं निळी पडली. तिने आधी बाबांना दाखवलं. "डोंगराचा रंग उतरलाय पोरीत," बाबा म्हणाले. "पाणी वाढव." तिने वाढवलं.

मला कळताच आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी काढलेलं रक्त चॉकलेटी होतं.

"पाणी कुठलं पाजता? हे नायट्रेटने होतं. रक्त प्राणवायू वाहून नेत नाही. फार उशीर केलात हो."

त्याच संध्याकाळी भाची गेली. तिला उचलून घ्यायचं धैर्य मला झालं नाही.

तिसऱ्या दिवशी, कुंड्यांपुढे टाळ्या वाजल्या त्याच सकाळी, मी नायट्रेट तपासायची पट्टी टाकीच्या तोटीखाली धरली. नायट्रेट जितकं जास्त, तितका तिचा रंग गडद; बघता बघता ती गडद गुलाबी झाली. उगमापाशी दुसरी जेमतेम रंगली. मग पाइपाच्या कडेने उतरत आलो, तर मधल्या हौदाच्या झाकणाखाली भोकं पाडलेलं नायट्रेटच्या खताचं पोतं लटकत होतं.

ते पोतं खाली आणून कुंड्यांशेजारी ओट्यावर आपटलं. बाबा ओट्यावरून मागे सरकले.

"पण वर खडकात शेवाळ उगवतंच की! म्हणजे झऱ्यातच ताकद असणार!" एक आजोबा म्हणाले.

"उगवतं, आजोबा. पाऊस हवेतला थोडा नत्र खाली आणतो. दगडांच्या फटीतल्या मूठभर मातीतले जंतू त्याचं नायट्रेट करतात. ते शोषून घ्यायला वर झाडं फारशी नसतात, म्हणून उरलेलं पाण्यात उतरतं. पण ते अगदी थोडं. बाकीचं सगळं, कुंडीतलं रोप हिरवं ठेवणारंही, या पोत्यातलं. आणि तोटी न तपासता सही केली, ही चूक माझी."

गर्दीतून बहीण पुढे आली. 

"दादा, मी पाणी रोज वीस मिनिटं उकळायचे रे. तरी?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण म्हणालो, "उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि ते आणखी दाट होतं."

तिने हिरव्या रोपाची कुंडी ओट्यावरून खाली उतरवली.

"मग हे मोठ्याने सांग," ती म्हणाली. "इथे सगळ्याच उकळतात."

मी सांगितलं. कुणाच्याही शब्दावर जाऊ नका, माझ्याही नाही. आपल्या तोटीचं पाणी आणा, पट्टी आपल्या हाताने बुडवा, रंग आपल्या डोळ्यांनी बघा.

मी पट्ट्यांची डबी उघडून ओट्यावर ठेवली. मग तीन बायका पुढे आल्या. तिघींच्याही कडेवर बाळं होती.