न नळाचा

राजश्रीला 'ण' म्हणता येत नाही असं जे कुणी सांगत फिरतंय ना, ते साफ खोटं आहे. चांगला येतो. ऐरोलीच्या त्या काचेच्या इमारतीत दिवसभर हेडफोन लावून ती लोकांच्या तक्रारी ऐकते, तेव्हा 'आपण', 'कारण', 'क्षणभर थांबा' सगळं कसं इस्त्री केल्यासारखं बोलते. चौथीत असताना बाईंनी तिला वर्गासमोर उभं केलं होतं. 'पानी नाही, पाणी म्हण. ण बाणाचा, न नळाचा.' रडेपर्यंत म्हणायला लावलं. पोरं खिदळत होती. तेव्हापासून तो बाण तिच्या टाळूला जाऊन बसला तो बसलाच. त्यामुळे येतं की येत नाही हा वादच नव्हता. वाद वेगळाच होता, आणि तो ऐकून तुमचंही डोकं फिरेल.

राजश्री नवी मुंबईतल्या बोनकोड्याची. गावठाणातलं घर, चारी बाजूंनी सोसायट्या. आई राजाबाई धवलारीन, म्हणजे आगरी लग्नात धवले गाणारी बाई. तिने तोंड उघडल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. ती एक ओळ बोलणार आणि मागच्या बायका तीच ओळ झेलणार, अशी पद्धत. आणि राजाबाईचा एक कडक कायदा होता. मध्ये कुणी बोललं, कुणाचा फोन वाजला, ओळ तुटली, की धवला पुन्हा सुरुवातीपासून. "मोडला तं पयल्यापासून," एवढंच म्हणायची. मग नवरा ताटकळू दे नाहीतर केटरर बोंबलू दे, तिला फिकीर नव्हती.

अशा आईच्या पोटी ही रॉकवाली निघाली. पहिल्यांदा कॉलेजात स्टेजवर गायली तेव्हा राजाबाई शेवटच्या रांगेत बसली होती. घरी येताना रिक्षात म्हणाली, "गातंस का भांडतंस गो?"

"दोन्ही," राजश्री म्हणाली.

त्याच कॉलेजात अरसलान भेटला. मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान, घर नेरूळला, बाप नझीरशेठ सुक्यामेव्याचा व्यापारी. पोरगा मात्र दुकानावर बसायचं सोडून गिटार कुटत बसायचा. ड्रमवर त्याचा चुलतभाऊ बासित. बँडचं नाव राजश्रीने ठेवलं, 'खाजण'. खाडीचं पाणी आत-बाहेर करतं ती आमची जमीन. आता तिच्यावर टॉवर आहेत, पण ते असो.

किती वर्षं घासली या तिघांनी! वाशीच्या पबमध्ये इंग्रजी गाणी गायची आणि समोर लोक चिकन लॉलीपॉप चावत बसायचे. कुणीतरी येऊन विचारायचं, 'मॅडम, कुछ डान्सवाला है क्या?' अंगात ताप असताना गायली, जनरेटर बंद पडला तरी गायली, एकदा माईकचा शॉक बसला तर शिवी हासडून तिथूनच पुढची ओळ उचलली. नातेवाईक म्हणायचे, पोरगी लग्नाची झाली अन् काय हे किंचाळणं. ऑफिसातले म्हणायचे, हॉबी छान आहे हं तुझी. हॉबी! ज्याच्यापायी माणूस झोप विकतो त्याला हे लोक हॉबी म्हणतात.

मग ते गाणं झालं. तुर्भ्याला एका पॅकिंगच्या कारखान्यावरच्या खोलीत त्यांची प्रॅक्टिस चालायची. त्या दिवशी गावात तळं बुजवायला डंपर आला होता, त्यावरून भांडून राजश्री तशीच तणतणत आली. अरसलान काहीतरी वाजवत होता. तिने माईक ओढला आणि घरात भांडताना जशी बोलते तशीच ओरडली,

'माजे पान्यावर कोनाचा नाव?
कोनी इकला माजा गाव?'

अरसलान वाजवायचा थांबला. म्हणाला, "हेच. इतकी वर्षं कुठे लपवलं होतंस हे? अस्संच गा. एक अक्षर बदलू नकोस."

हे कोण म्हणालं? अरसलान म्हणाला. नीट लक्षात ठेवा.

गाणं मोबाईलवरून नेटवर टाकलं आणि वाऱ्यासारखं पसरलं. उरणपासून वसईपर्यंत पोरं त्याच्यावर नाचली. महिन्याभरात एका म्युझिक कंपनीतून प्रियदर्शिनी मॅडमचा फोन आला. गाणं नीट रेकॉर्ड करू, मोठं लाँच करू. तिघांनी त्या दिवशी वाशी स्टेशनबाहेर उभ्या उभ्या तीन-तीन प्लेट पाणीपुरी खाल्ली, इतका आनंद झाला होता.

स्टुडिओत मात्र पहिल्याच ओळीला मॅडमनी काचेपलीकडून हात वर केला. "राजश्री, खूप रॉ आहे, आय लव्ह इट. फक्त ते पाणी. ण बाणाचा घे ना, न नळाचा नको."

"पाणी नळालाच येतं ना मॅडम," राजश्री म्हणाली. बासित फस्सकन हसला. मॅडम नाही हसल्या.

"हे बघ, महाराष्ट्रभर चालायला पाहिजे. लोकांना वाटेल चूक आहे."

घेतला तिनं. का नाही घेणार, येत होता की! 'माझ्या पाण्यावर कोणाचं नाव, कोणी विकलं माझं गाव.' पण ते गाणंच राहिलं नाही. 'पान्यावर'मधला तो न ती दातांना जीभ टेकवून लांबवायची, नाकातून थेट कपाळापर्यंत न्यायची, तिथेच सगळा राग होता. 'ण' म्हटला की जीभ मागे वळायची आणि राग गिळल्यासारखा व्हायचा. चार वेळा गायलं. चारी वेळा बातम्या वाचल्यासारखं वाटलं. शेवटी हेडफोन काढून ती म्हणाली, "मॅडम, माझ्या पद्धतीनेच होईल हे. नाहीतर नाही होणार." आपल्या पद्धतीनं एकदा घणघणीत गाऊन ती बाहेर पडली. मॅडम गोड हसल्या. "बघू, मिक्समध्ये थोडं ॲडजस्ट करू." माणसं गोड हसली की सावध व्हावं, पण राजश्रीला कुठलं सुचायला? तिला वाटलं, झालं आपलं गाणं.

पुढच्या आठवड्यात गावातच मामेबहिणीची हळद होती. दुपारी मांडव सजला, बँजो आला, डीजे आला. डीजेवाल्याने माईकवर पुकारा केला, "आपल्या राजश्रीताईचा नवीन गाना, आजच आलाय!" तोवर तिला कुणी कळवलंही नव्हतं. पोरांनी तिला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. सगळे तिच्याकडे बघून हात वर करून नाचायला लागले. आणि आवाज आला.

'माझ्या पाण्यावर कोणाचं नाव...'

गोड. स्वच्छ. तासलेला. कुणा शिकलेल्या पोरीचा आवाज होता तो, त्या बिचारीचा काय दोष. पण राजश्रीचा नव्हता. एक श्वासदेखील तिचा नव्हता.

नाचणाऱ्यांना कळायला वेळ लागला. राजाबाईला नाही लागला. हळदीचं ताट हातात, तशीच उभी राहिली. लेकीजवळ आली. "ही कोन गो?"

राजश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"तुजा गाना हाय ना? मंग ही कोन मदी तोंड घालनारी?" राजाबाईचा आवाज चढला. आयुष्यभर लेकीच्या गाण्याला नाक मुरडलेली बाई, पण त्या दुपारी तिनं स्वतः जाऊन डीजेची वायर उपटली. "मोडला धवला," ती म्हणाली आणि हळद लावायला बसली.

राजश्री तशीच, हळदीच्या पिवळ्या हातांनी, तुर्भ्याला गेली. अरसलान वायरी गुंडाळत होता.

"कधीपासून माहीत होतं?"

तो गुंडाळतच राहिला. "मिक्सिंग सुरू झालं तेव्हा. यार, मी सांगणारच होतो."

"कधी? माझ्या तेराव्याला?"

"ऐक तर. एकच गाणं आहे. एकदा चाललं की पुढची आपल्या मर्जीने करू. ते म्हणाले, आवाज बदलावा लागेल, नाहीतर रिलीज नाही. करारावर बँडतर्फे माझी सही होती. मी हो म्हटलं."

"एक अक्षर बदलू नकोस, असं कोण म्हणालं होतं रे?"

त्याने गुंडाळलेली वायर पुन्हा सोडवली.

"तुझी अम्मी घरात कशी बोलते ते मी तुमच्यात जेवताना ऐकलंय, अरसलान. हलिमाचाची पानीच म्हणते. तिच्या घशातपण दुसरी बाई बसवणार आहेस का? सांग ना! लाज नाही वाटली तुला?"

त्याचे कान लाल झाले. हळूच म्हणाला, "रविवारी लाँच आहे. ऐरोलीला, आयटी पार्कच्या ओपन थिएटरमध्ये. व्हिडिओ शूट होणार. चेहरा त्यांना तुझाच पाहिजे. हिरवं लुगडं, नथ, पायात बूट. ट्रॅक वाजेल, तू फक्त ओठ हलवायचे. तू नाही आलीस तर दुसऱ्या कुणाला तरी लुगडं नेसवतील. खाजण हे नावही आता त्यांच्याकडे आहे."

बघा म्हणजे! लुगडं तिच्या आईचं, नथ तिच्या गावची, तोंड तिचं, आणि तोंडातला आवाज तेवढा धुतलेला. वर याला ते लोक काय म्हणत होते, तर 'ऑथेंटिक'. अरे, तुमच्या ऑथेंटिकच्या...! जाऊ दे, तोंड खराब होतं.

राजश्रीला पक्कं कळत होतं. एकदा का त्या परक्या आवाजावर आपले ओठ हलले आणि कॅमेऱ्यात गेले, की संपलं. मग जन्मभर तोच आपला आवाज. कुठेही खरं गायलं तरी लोक म्हणणार, लाईव्हला काही जमत नाही हिला.

"येते मी," ती म्हणाली. "लुगडं नेसूनच येते. सांग तुझ्या मॅडमला."

अरसलानने सुटकेचा श्वास सोडला. त्याला वाटलं, ऐकलं हिनं. इतक्या वर्षांत एवढंही ओळखलं नाही गाढवानं.

रविवारी संध्याकाळी थिएटर भरलं. पुढे कंपनीची माणसं, मागे आयटीवाली पोरं, आणि तिसऱ्या रांगेत बोनकोड्याहून टेम्पो करून आलेल्या बायका, मधोमध राजाबाई. तिने स्वतःच्या हाताने लेकीला लुगडं नेसवलं होतं.

दिवे लागले. ट्रॅक सुरू झाला. ड्रम, गिटार, आणि मग तो गोड आवाज. 'माझ्या पाण्यावर...'

राजश्रीने तोंड उघडलं नाही.

माईक हातात, नजर समोर, ओठ घट्ट मिटलेले. हलली नाही, डुलली नाही. गाणं आपलं चालूच. लोकांना आधी वाटलं, काहीतरी बिघाड आहे. मग कुणीतरी हसलं. मग सगळे मोबाईल वर झाले. बंद तोंडाची गायिका आणि वरून घुमणारं तिचं गाणं. विंगेतून मॅडम हातवारे करत होत्या, ओठ, ओठ!

पहिलं कडवं संपता संपता बासितने काठ्या मांडीवर ठेवल्या. ड्रम वाजतच राहिले. ते बघून तर हशाच झाला. अरसलानने एकदा बासितकडे पाहिलं, एकदा तिच्या पाठीकडे. गिटारचा मोठा तुकडा आला, त्याने स्वतः बसवलेला, ज्याच्यावर त्याचा इतका जीव. त्याने हात तारांवरून काढला आणि खाली सोडला. तुकडा त्याच्याशिवाय शेवटपर्यंत सुरेख वाजला. आता हसणारे गप्प झाले होते. राजश्रीने मागे वळून पाहिलं नाही. त्याने आता हात काढून काही भरून येणार नव्हतं, आणि ती इतक्यात माफ करणार नव्हती.

ट्रॅक संपला. कुणी टाळी वाजवली नाही.

तेव्हा तिने वाकून माईक खाली ठेवला. छाती भरून श्वास घेतला, आणि मोडलेलं गाणं पहिल्यापासून धरलं.

'माजे पान्यावर कोनाचा नाव?'

उघड्या आवाजात. तो न दातांवर घासत, नाकातून कपाळात, सगळा राग घेऊन. पुढच्या चारपाच रांगांपर्यंत पोचला असेल फार तर. ओळ संपली आणि तिसऱ्या रांगेतून राजाबाईने ती ओळ झेलली. मागोमाग बोनकोड्याच्या सगळ्या बायकांनी. 'माजे पान्यावर कोनाचा नाव?' त्यांना ठरवायची गरजच नव्हती, ओळ आली की झेलायची एवढंच त्यांना ठाऊक. मागची पोरं एकमेकांना दटावायला लागली, "गप ए, ऐकू दे."

'कोनी इकला माजा गाव?' राजश्रीने दुसरी ओळ टाकली, आणि या वेळी बायकांबरोबर पायऱ्यांवरची ती सगळी पोरंही ओरडली. नळाचा न घेऊन, अख्खं थिएटर.

प्रियदर्शिनी मॅडम धावत साउंडवाल्याच्या टेबलाशी आल्या. चेहरा लालबुंद. "बंद कर! तिचा माईक बंद कर, आत्ताच्या आत्ता!"

साउंडवाल्याने हेडफोन कानावरून सरकवला. "मॅडम," तो म्हणाला, "तुमीच सांगितलेलं ना. तिचा माईक दुपारपासून बंदच आहे."