पोचल्याची खूण

"दौलत, पुरे! अहो, पुरे म्हणते ना मी!"

मीनाक्षीबाई जिन्याच्या मधल्या पायरीवर उभ्या राहून कंठशोष करत होत्या, आणि खाली दौलत आपला शाळा सुटल्याचे टोल देतच होता. शाळेची घंटा म्हणजे साखळीला टांगलेला रुळाचा तुकडा. त्यावर लोखंडी दांडा पडला की अर्धं लालबाग दचकायचं. वर्ग केव्हाच ओस पडले होते. शेवटचं पोरही फाटकाबाहेर पडून गल्लीला लागलं होतं. तरी दौलतची नजर फाटकातून सरळ गल्लीच्या टोकाला, तिथल्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर खिळलेली. तिथे गॅलरीत एक बाई वाकून खाली बघत होती. थोड्या वेळाने तिने हातातलं पांढरं फडकं झटकलं, आणि दौलतचा हात थांबला.

"मी ओरडत होते ते ऐकू नाही आलं?"

"आलं, बाई."

"मग?"

"पोरं पोचली नव्हती."

मीनाक्षीबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. राग आला की त्या हेच करत, आणि मनात दुसरं काही आलं तरी हेच करत. "मूल फाटकाबाहेर गेलं की शाळेची जबाबदारी संपली," त्या म्हणाल्या. "आजूबाजूचे लोक तक्रारी करतात. मे महिन्याच्या सुटीत मी विजेची घंटा बसवून घेतेय. बटण दाबलं की वाजेल, सोडलं की बंद. मग हा रूळ जाऊ दे भंगारात."

दौलतने रुळाची हलती साखळी हाताने थांबवली. दांडा फडक्यात गुंडाळून त्याने जिन्याखाली ठेवला. मुख्याध्यापिकेशी वाद घालणं त्याच्या स्वभावात नव्हतं, आणि शिवाय बाई का चिडतात ते त्याला ठाऊक होतं. त्यांच्या तोंडून मात्र त्या गोष्टीचं अवाक्षर कधी निघालं नव्हतं. त्याच्याही नाही.

दौलत खरा ड्रायव्हर माणूस. वरळीच्या बीडीडी चाळीतला, लष्करात गाडी चालवून आलेला. बसवर सहज चिकटला असता. ते सोडून तो लालबागच्या या शाळेत शिपाई झाला तेव्हा त्याची बायको शांता म्हणाली होती, "लोक गाढवावरून घोड्यावर बसतात. तुमचं सगळं उलटंच." चाळीने तर याच्या डोक्यावर परिणाम झालाय असं ठरवूनच टाकलं. परिणाम झाला होता हे खरं. तो झाला होता लाओसात.

लाओस कुठे आहे ते चाळीत कुणालाच माहीत नव्हतं. दौलतलाही तिथे उतरेपर्यंत नव्हतं. तिकडे दोन फौजा एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या. तह झाला होता, पण तो पाळला जातोय का हे बघायला तीन देशांची माणसं नेमली होती, आणि त्यांत अध्यक्षपद आपल्या देशाकडे. दौलत आपल्या मेजरसाहेबांची जीप हाकत होता. एका नदीकाठी त्यांचा मुक्काम पडला. अलीकडच्या काठावर बौद्ध विहार, विहारात शाळा. मुलं पलीकडच्या गावातली, होडीने ये-जा करणारी. आणि दोन काठांवर दोन फौजा समोरासमोर. शाळा बंद पडली होती.

ती उघडायचीच, असं मेजरसाहेबांनी मनावर घेतलं. किती दिवस ते या काठावरून त्या काठावर खेपा घालत होते! इकडचा कप्तान हो म्हणाला की तिकडचा रुसायचा, सोयरिकीच्या बैठकीत व्याही रुसतो तसा. पोलंडचा साहेब एक म्हणे, कॅनडाचा दुसरंच. दिल्लीला तारा गेल्या, दिल्लीहून आल्या. शेवटी ठरलं ते एवढंच, की शाळेत कुणाही सैनिकाने पाऊल ठेवायचं नाही, आणि मुलांच्या येण्याजाण्याच्या वेळी विहाराची घंटा वाजत असेल तोवर कुणी बंदूक उचलायची नाही.

आणि ते पाळलं गेलं! दौलतने आपल्या डोळ्यांनी पाहिलं. म्हातारा भिक्खू घंटा वाजवायचा, होड्या पाण्यात सरकायच्या, आणि दोन्हीकडची माणसं बंदुका मांडीवर आडव्या टाकून विड्या ओढत बसायची. दौलतच्या डोळ्यांना पाणी यायचं. त्याच्या बापाला गावच्या शाळेने आत घेतलं नव्हतं. खिडकीखाली उभं राहून कानावर पडतील तेवढी अक्षरं त्याने गोळा केली होती. शाळेपायी कुणी लढाई थांबवतं, असं त्या बापाला सांगितलं असतं तर त्याने पोराला ताप आलाय का ते बघितलं असतं.

"आपण कुणाच्या बाजूचे, साहेब?" दौलतने एकदा जीप पुसता पुसता विचारलं.

मेजरसाहेब नागपूरकडचे. ते हसले. "आपण तटस्थ. म्हणजे काठावर उभे राहणारे. पण लक्षात ठेव, दौलत, नदीला काठ दोन असतात."

पुढे त्यांची तुकडी हलवली. जीप निघाली तेव्हा मागे घंटा वाजत होती. ती पुढे किती दिवस कुणी ऐकली, देव जाणे.

मग छप्पन सालचा जानेवारी. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही ही बातमी आली आणि गिरणगाव पेटलं. लालबागेत त्या दिवसांत तटस्थ ही शिवी होती, आणि लाओसच्या गोष्टी सांगून सांगून दौलतने ती स्वतःला चिकटवून घेतली होती. एके दिवशी सकाळी जरा निवल्यासारखं वाटलं म्हणून शाळा भरली. दुपारी नाक्यावर धुमश्चक्री सुरू झाली. आत पोरं बाकांखाली दडली. मोठ्या बाई, तेव्हाच्या मुख्याध्यापिका, त्या दिवशी पोचूच शकल्या नव्हत्या. मीनाक्षीबाई नुकत्या या शाळेत बदलून आलेल्या, गिरगावातून येणाऱ्या, सातवीच्या वर्गाला शिकवणाऱ्या. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

फाटकावर फौजदार आला. "गच्चीची किल्ली आण."

मागच्या भिंतीवरून काळाचौकीचा लवू आणि हातात दगड घेतलेले त्याचे साथीदार डोकावले. "दौलतदा, गच्ची उघड! वरून दाखवतो एकेकाला."

दौलतने फळा पुसायचं फडकं हातात धरलं आणि आधी फाटकाशी गेला. "साहेब, पोरं हायत आत. आधी ती घरला जाऊ द्या."

"आम्ही अडवलंय काय? दगड कोण मारतंय ते बघ."

मग मागच्या भिंतीशी. "लवू, तुझी भाची पहिलीत बसलीय. तिच्या डोक्यावर उभा राहून लढणार तू?"

"ते त्यांना सांग ना! तू आहेस कुणाच्या बाजूचा रे, तटस्था?"

"मी शिपाई हाय शाळेचा. बोल, काय सांगू त्यांना?"

पुन्हा फाटक, पुन्हा भिंत. फडकं वर धरून तो येरझाऱ्या घालत होता, आणि मेजरसाहेबांची सगळी चिकाटी त्याच्या अंगात संचारली होती. अखेर जमलं. गच्चीवर कुणीच चढायचं नाही. घंटा वाजतेय तोवर दगड नाही आणि गोळी नाही.

"घंटा थांबली की आम्ही मोकळे," फौजदार म्हणाला.

"आम्हीपण," लवू म्हणाला.

दौलतने दांडा उचलला. पहिला टोल पडला आणि गल्ली खरोखर गप्प झाली. भीतीपेक्षाही त्याला आनंद झाला, हे त्याला पुढे फार छळत राहिलं. पोरं ओळीने निघाली. सातवीतली नलू शेवटी होती, गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या बकुळाबाईची. दौलत तिला म्हणाला, "नले, तू मोठी हायस. धाकट्यांना आधी ज्याच्या त्याच्या दारात सोड, मग घरी जा." तिने दोघांची बोटं धरली आणि गेली.

मीनाक्षीबाई फाटकाशी उभ्या होत्या. शेवटचं मूल बाहेर पडलेलं बघून त्यांना हुंदका फुटला. तशाच त्या ओरडल्या, "सगळी गेली, दौलत! सगळी गेली!"

दौलतने हात थांबवला.

शब्द दोघांनीही पाळला होता. घंटा वाजत होती तोवर एक खडासुद्धा उडाला नाही. थांबली, तसा आधी दगड आला, मग गोळ्या. नलू धाकट्यांना पोचवून आपल्या चाळीकडे वळत होती. बकुळाबाई वर गॅलरीतून तिला बघत होती.

शाळेची एक काचही फुटली नाही.

त्यानंतर दौलतला ती म्हातारी आठवली. लाओसात पलीकडच्या काठावर एक म्हातारी बसायची. शेवटचं पोर होडीतून उतरलं की ती पांढरं फडकं हलवायची, आणि ते बघून भिक्खू घंटा थांबवायचा. दौलतही रोज तिला बघत होता. घंटा तेवढी लक्षात ठेवली आणि म्हातारी विसरला. गेली म्हणजे पोचली नव्हे, एवढी साधी गोष्ट.

नलूचं दिवसपाणी उरकल्यावर बकुळाबाई शाळेत आली. दौलत मान खाली घालून उभा राहिला. आता ही शिव्याशाप देणार, आणि दिले तर बरं, असं त्याला वाटत होतं. ती बराच वेळ त्या रुळाकडे बघत राहिली.

"माका वयरसून सगळी गल्ली दिसता," ती म्हणाली. "तू वाजव. कधी थांबायचा ता मी सांगतंय."

तेव्हापासून ते तसं चाललं होतं. मीनाक्षीबाई मात्र शाळा सुटताना फाटकाजवळ पुन्हा कधी फिरकल्या नाहीत. पुढे त्या मुख्याध्यापिका झाल्या, आणि रोज संध्याकाळी ती लांबलेली घंटा त्यांना वर बसून ऐकावी लागे.

साठ सालचा मे उजाडला. महाराष्ट्र झाला, मुंबई त्यात आली. लालबागेत पेढे वाटले, फटाके फुटले, लवूने गुलाल उधळून गल्ली लाल केली. बकुळाबाई गावी निघाली होती. बोचकं घेऊन ती शाळेच्या फाटकाशी थांबली.

"मुंबय गावली म्हणतत," ती दौलतला म्हणाली. "ती होतीच आपली. गेला ता माझा चेडू." मग पदर सावरून म्हणाली, "शाळा सुरू होयसर येतंय मी."

शाळा सुरू झाली. जिन्यापाशी भिंतीवर विजेची घंटा बसली होती, कपबशीएवढी. पहिल्या दिवशी संध्याकाळी ती करकरली आणि बंद झाली. पोरं हुर्र्यो करत सुटली. रूळ अजून भंगारात गेला नव्हता, साखळीला तसाच टांगलेला होता; दौलतचा हात आपसूक जिन्याखाली गेला. त्याने दांडा काढला, पहिला टोल दिला आणि वर बघितलं. गॅलरीत कुणी नव्हतं. दाराला कुलूप होतं.

तो वाजवत राहिला. पोरं एकेक करून पांगली. गल्ली जवळजवळ रिकामी झाली. आज कुणी दगड घेऊन उभं नाही, कुणाची बंदूक रोखलेली नाही, हे त्याला कळत होतं. हाताला कळत नव्हतं. खूण आल्याशिवाय थांबायचं कसं? एकदा थांबला होता तो.

मीनाक्षीबाई खाली आल्या. ओरडल्या नाहीत.

"दौलत."

"खूण नाय आली, बाई."

"कुलूप आहे तिथे."

"दिसतंय."

दांडा पडतच होता. तळहाताचं कातडं सोललं होतं. बाईंनी चष्मा काढला. या वेळी पुसला नाही. तसाच मुठीत धरून त्या फाटकाकडे चालू लागल्या, उंबऱ्याशी क्षणभर अडल्या आणि बाहेर पडल्या.

गल्लीत एकच पोर रेंगाळत होतं, दप्तर भिंतीला घासत. बाईंनी त्याचं बोट धरलं. त्याला त्याच्या दारात सोडलं. मग त्या पुढे गेल्या, गल्लीच्या थेट टोकाला, चाळीकडे वळायची जागा आहे तिथे. इतक्या लांबून त्या लहान दिसत होत्या. दौलतला क्षणभर नलूचं परकर-पोलकं दिसलं. मग त्या वळल्या आणि त्यांनी पदर हातात धरून वर केला.

दौलतने हात थांबवला. गल्लीत काही झालं नाही. कुठल्याशा बिऱ्हाडात स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येत होता.

बाई सावकाश परत आल्या. फाटकाशी थांबून त्यांनी चष्मा लावला.

"पोचली," त्या म्हणाल्या.

सगळी, असं त्या म्हणाल्या नाहीत. दौलतनेही विचारलं नाही. दांडा फडक्यात गुंडाळून त्याने जिन्याखाली ठेवला आणि फाटक लावून घेतलं.